दुधाळ पाण्यातले कोरे कपटे

१

रविवारी सकाळी सात वाजता ताराने मधल्या खोलीचं दार लोटलं, आणि आधी तिच्या नाकाला कळलं. आंबूस वास. ताक दोन दिवस उघडं राहिलं की येतो तसा.

मग डोळ्यांना कळलं. भिंतीला लागून असलेली पाच फुटी काचेची टाकी तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखी पांढुरकी झाली होती. पंप आपला इमानाने बुडबुडत होता, आणि त्या बुडबुड्यांच्या धक्क्याने एंजल मासे वरच्या वर आडवे हलत होते.

तिने मेलेले मोजले. एकोणीस.

हे मासे तिने अंड्यातून निघाल्यापासून वाढवले होते. डोळ्यांना दिसतील न दिसतील एवढे होते तेव्हा उकडलेल्या अंड्याचा बलक घरच्या सुती फडक्यातून गाळून, दिवसातून पाच वेळा थेंब थेंब घातला होता. तारा गोळीबार चौकातल्या विणकराची मुलगी. घरातले माग एकेक करून बंद पडत गेले, तशी ती सकाळच्या बसने धरमपेठेत येऊन चंपतरावांच्या दुकानातले रंगीत मासे सांभाळू लागली. पुढे दुकान, मागे घर. हे सगळं ठीक चाललं होतं, महिन्याभरापूर्वीपर्यंत.

ही तिसरी वेळ होती. पहिल्यांदा सात गेले. मग अकरा.

"तिसऱ्यांदा!" चंपतराव खांद्यावरचा टॉवेल तसाच ठेवून दारात उभे होते. नरखेडकडचा संत्र्याच्या बागेतला माणूस, आवाज शेताच्या या टोकावरून त्या टोकाला जाणारा. "दुकानातल्या बारा टाक्याईत एक मासा मरत नाही. ह्याच टाकीत काहून मरते, सांग मले!"

"मले नाही माहीत, भाऊ. काल सहा वाजता मी गेली तवा पाणी काचेसारखं होतं."

चंपतरावांनी रबरी नळी टाकीत सोडली आणि तळाचा गाळ बादलीत ओढला. मागच्या दोन्ही वेळा गाळ तसाच नालीत गेला होता; आज त्यांनी बादलीत हात फिरवला. हात वर आला तेव्हा बोटांना पांढरे ओले कपटे चिकटले होते. कागदाचे.

"पुडी," ते म्हणाले. "विषाची पुडी हाये ही! फाडून टाकली पाण्यात!"

"हळू बोला ना जी, हळू," त्यांची बायको अंजनाबाई तोंडाला पदर लावून म्हणाली आणि मागच्या खोलीकडे डोळ्यांनी खूण केली. "सासूबाई जाग्या हायेत."

मागच्या खोलीत चंपतरावांची आई, जनाबाई. दिवाळीनंतर तिच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, दुसऱ्याने आधीच अंधुक दिसायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, दोन महिने धूळ नको, वाकणं नको, आणि डोळ्यांत पाणी तर मुळीच येऊ द्यायचं नाही. म्हातारीचा जीव हळवा. म्हणून पहिले सात मासे मेले त्याच दिवशी घरात ठरलं, तिच्यासमोर माशांचा शब्द काढायचा नाही. म्हणून आजही घरात जे ओरडता येईना, ते चंपतराव अंगणात जाऊन ओरडले.

"बर्डी बाजारातल्या दुसऱ्या मासेवाल्यानं तुले कामाले बोलावलं होतं ना? त्याच्याच सांगण्यावरून करून राहिली तू! पाच वाजता महे ओळखीचे जमादार ड्यूटीवर येतात. पाच वाजता मी ठाण्यात जातो!"

ताराला मागची वेळ आठवली. दुसऱ्या वेळी मासे मेले तेव्हा हाच माणूस स्कूटरवर बसून गोळीबार चौकात आला होता आणि तिच्या दारात उभं राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलला होता की, या पोरीचा हात चांगला नाही. त्या दिवसापासून तिचे बाबूजी संध्याकाळी देवळात जाईनासे झाले. आता ठाणं.

तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. पाच वाजायला दहा तास होते.

२

"चंपत, ठाण्यात जायचं तं जा गा. पण पेशंट गेला की आधी विचारतात, काय खाल्लं होतं?"

शेजारच्या फाटकातून जिजाबाई आल्या. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात लेकरांच्या वॉर्डात काम केलेल्या. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी गल्ली त्यांना सिस्टरबाईच म्हणायची. अंगाने किरकोळ, बोलणं सावकाश, आणि समोरच्याचं उत्तर पुरं होईस्तोवर गप्प राहायची सवय. त्या सवयीपुढे भल्याभल्यांना खरं बोलावं लागायचं.

आत येऊन त्यांनी टाकीत बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, हुंगलं.

"लेकराची दुधाची बाटली रात्रभर तशीच राहिली की असा वास येते. विषानं पाणी आंबत नाही, चंपत. आंबते ते अन्न." मग ताराकडे वळून, "तू काय चारते वं यांले? सगळं सांग."

ताराने सांगितलं. सकाळी लाल किडे, तीन पाण्यांत धुऊन. दुपारी सुक्या झिंग्याची पूड, चिमूटभर. संध्याकाळी तिचा स्वतःचा गोळा: भाजलेली कणीक, अंड्याचा बलक आणि वाटलेला पालक, वाफवून चाळणीतून काढलेला. बाहेर थंडी पडली की सगळंच कमी, कारण गारठ्यात माशांची भूक मंदावते.

"किती घालते?"

"त्याईनं वरच्या वर खाल्लं तेवढंच. एक कण खाली पडला की समजायचं, आपला हात जास्त झाला. काल साडेपाचले दिलं. तळाले काही नव्हतं, सिस्टरबाई. शपथ घेऊन सांगते."

"शपथ नको घेऊ. पाणीच सांगन."

त्यांनी कपटे एका स्टीलच्या ताटलीत मांडले. चाळीसच्या वर निघाले. सगळे नखाएवढे, सारख्या मापाचे, आणि प्रत्येकाला दोन-दोन घड्या. एकावरही अक्षर नव्हतं.

"ही पुडी म्हणतो तू?" त्या चंपतरावांना म्हणाल्या. "पुडीचा कागद एक राहते. इथी चाळीस हायेत. विष देणारा इतक्या निगुतीनं घड्या घालत बसन काय गा?"

"मंग काय हाये हे?"

"ब्लेड आण."

अंजनाबाई "राम राम" म्हणत आत पळाली. सिस्टरबाईंनी एक मेलेला एंजल ताटलीत घेतला, हात जोडल्यासारखं केलं आणि त्याचं पोट अलगद उघडलं. पोट गच्च भरलेलं होतं. पांढरा, चिकट, ताणला की तुटेल असा गोळा. तारा वाकून बघतच राहिली.

"हा महा घास नाही. महा हिरवा राहते, पालकाचा. ही तं साधी भिजवलेली कणीक हाये."

सिस्टरबाईंनी ब्लेडच्या टोकाने गोळा फोडला. आत, नीट घडी घातलेला, एक कोरा कपटा होता.

कुणी तरी एकेक घास वळला होता. एकेक चिठ्ठी आत ठेवली होती. आणि त्या मुक्या जिवांना गळ्यापर्यंत भरवलं होतं. वैराने? की आणखी कशाने? तारा खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिली. अकराची बस गेली होती.

३

चंपतरावांनी निरोप धाडला म्हणून ओमप्रकाश सायकलवर आला. नाल्यातले लाल किडे धुऊन पुरवायचं काम त्याचं, आणि पंप बसवायचंही.

"सिस्टरबाई, भगवान कसम, मी तं शनिवारी डबा देल्ला आणि निघून गेलो," तो सायकल स्टँडवर लावायच्या आतच सुरू झाला. "मह्या किड्याईत खराबी राहिली असती तं सारे शहर के मासे मेले असते ना!"

"शनिवारी!" चंपतराव उसळले. "काल शनिवार. मागच्या वेळीबी शनिवारी देल्ले, रविवारी मेले! पाहा सिस्टरबाई!"

ओमप्रकाशचा चेहरा उतरला. तारालाही क्षणभर वाटलं, सुटली. आणि लगेच त्या वाटण्याची लाज वाटली, कारण हाच माणूस गेल्या पावसाळ्यात तिला स्वतःची छत्री देऊन भिजत गेला होता.

"पहिल्यांदा कोणता वार होता वं?" सिस्टरबाईंनी तिलाच विचारलं.

खरं सांगितलं की ओमप्रकाश सुटत होता, आणि तीच अडकत होती. तरी ताराने सांगितलं.

"शुक्रवार होता."

"अन् शनिवारचे किडे सगळ्या टाक्याईत पडतात?"

"हाव. आधी दुकानात, उरलेले इथी."

"मंग किडे नाही. पंप बंद पडला असन काय गा? कोराडीच्या वीजकेंद्राचा संच बंद पडते, वीज जाते..."

"पंप सारे एकाच वायरवर हायेत जी," ओमप्रकाश घाईने म्हणाला. "बंद पडले तं तेराही पडतात."

"म्हणजे जे झालं ते फक्त ह्या टाकीत, अन् फक्त ह्या घरातून. दुकानाचं शटर रात्री बंद राहते. ही टाकी घरातल्या माणसाच्या हाताशी हाये."



सिस्टरबाई बोटांवर मोजू लागल्या. "शुक्रवार. मंग सोळा दिवसांनी रविवार. मंग चौदा दिवसांनी आजचा रविवार. सोळा, मंग चौदा. वार जुळत नाही, तारीख जुळत नाही. दोन्ही मिळून भरते पुरा महिना." त्या थांबल्या. त्यांची नजर टाकीच्या पलीकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली.

मग आवाज आणखी मऊ करून त्यांनी विचारलं, "अंजना, काल घरी काय रांधलं होतं वं?"

"काल कायचं रांधणं? एकादशी होती ना. भगर केली, दाण्याची आमटी केली."

"पोळ्या?"

"आमच्या घरी एकादशीले कणीक भिजत नाही, सिस्टरबाई. लग्न होऊन आली तवापासून नाही भिजली." हे बोलता बोलताच अंजनाबाई अडखळली.

"काय झालं?"

"मी दिवेलागणीले कीर्तनाले गेली होती. हे दुकानात होते. परत आली तं... परात ओली होती. धुऊन उपडी घातलेली. मले वाटलं, मीच ठेवली असन."

चंपतराव बायकोकडे वळले. हीच बाई किड्यांचा डबा पाहिला की नाक दाबायची. याच बाईने गेल्या महिन्यात रागाच्या भरात म्हटलं होतं, एक दिवस टाकीत फिनेल ओतीन, मंग समजन.

"अंजने," ते हळू म्हणाले, आणि त्या माणसाचा हळू आवाज ओरडण्याहून वाईट होता. "तू?"

४

अंजनाबाई चुलीपाशी बसून रडत होती. चंपतराव टाकीसमोर येरझारा घालत होते. चहा तसाच निवला. दीड वाजला, तीन वाजले, चार वाजले. सिस्टरबाई मधेच घरी जाऊन जेवूनही आल्या आणि येताना म्हणाल्या, "तारा, चल. आजीले भेटून येऊ. चहा घे हातात."

"मायले माशाईचं काही बोलू नका," चंपतरावांनी वाट अडवली. "हात जोडतो. डोळा जाईन."

"मी नर्स हाये गा, चंपत."

जनाबाई खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. डोळ्यावर हिरव्या कापडाची झापड. पावलं ऐकून तिने मान वळवली.

"कोण, तारा का वं? आज तुहं चालणं काहून असं चोरावाणी?"

ताराने चहाचा कप खाटेशी ठेवला. "थंडी हाये, आजी."

"जनाबाई, दिवस जाते कसा?" सिस्टरबाई खाटेच्या कडेला बसल्या.

"नाव घेते. दुसरं काय काम हाये आता?"

"फुटाळ्याले जाणं बंद झालं असन."

"झालं ना बाप्पा! बारा वर्षं एक एकादशी चुकली नाही. दशमीलेच वळलेल्या एकशे आठ गोळ्या घेऊन जात होती रिक्षात बसून, तलावातल्या माशाईले चाराले. डाक्टरनं धूळ बंद केली, रिक्षा बंद केला." ती थांबली. मग सुरकुत्यांमधून एक लहान पोरीसारखं हसू उमटलं. "पण देवानं नेम मोडू नाही देल्ला."

"ते कसं वं?"

"थे नाही सांगत. सांगितलं तं फळत नाही. अन् चंपत रागावन."

उशीशी एक जुनी शाळेची वही होती. सिस्टरबाईंनी ती उचलली. पहिली पानं पेन्सिलीने बारीक, सरळ ओळीत भरलेली. राम राम राम. चौकोन आखून, एकेक नाव फाडता येईल असे. पुढे अक्षरं मोठी झालेली. मग वाकडी. मग एकावर एक चढलेली. आणि त्यानंतर पानं कोरीच, अर्धी फाडून नेलेली.

ताराने पाहिलं. ताटलीतले कपटे याच मापाचे होते.

"आता लिहिता येत नाही मले," वहीची सळसळ ऐकून जनाबाई म्हणाली. "अक्षर दिसत नाही. मंग कोऱ्याच चिठ्ठीवर तोंडानं नाव घेते अन् घडी घालते. देवाले काय, वाचता येते सारं." तिने मान तिरकी केली. "तारा, थे आपले मासे कसे हायेत वं? कोणी सांगतच नाही मले. लय गुणाचे हायेत. पाण्यावर हात धरला की बोटाले तोंड लावतात. कितीबी द्या, मागतच राहतात बिचारे."

"बरे हायेत, आजी," तारा म्हणाली.

बाहेर आल्यावर तिने सिस्टरबाईंचा हात धरला. "सांगू नका. पाया पडते तुमच्या. एकादशीच्या दिवशी आपल्या हातानं जीव गेले हे कळलं तं त्या रडतीन. डोळा जाईन."

"अन् पाच वाजता तुहं काय होईन?"

 घड्याळात चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"रडणारं लेकरू तीस वर्षं पाह्यलं मी," सिस्टरबाई म्हणाल्या. "खोटं सांगून एकही वाचवता आलं नाही. पण कोणाले सांगायचं, हे आपल्या हातात राहते. चल."

५

चंपतरावांनी कोट चढवला होता. सिस्टरबाईंनी त्यांना पुढच्या खोलीत बसवलं, दार लोटून घेतलं आणि अगदी खालच्या आवाजात सांगायला सुरुवात केली.

"पाणी आंबलं, म्हणजे विष नाही, अन्न. कणीक निघाली, म्हणजे ताराचा घास नाही. चिठ्ठ्याईले सारख्या घड्या, म्हणजे पुडी नाही. चिठ्ठी घातलेल्या कणकेच्या गोळ्या माशांले चारतात, हे आपल्याले लहानपणापासून माहीत हाये, चंपत. पण आपल्याले नाव लिहिलेली चिठ्ठी माहीत हाये. कोरी पाहून आपण चुकलो. पेन्सिलीचं अक्षर पाण्यानं जात नाही. म्हणजे लिहिलंच नव्हतं. कोण लिहीत नाही? ज्याले दिसत नाही थो."

चंपतरावांचा हात कोटाच्या बटणावर थांबला.

"मासे कवा मेले? सोळा दिवस, मंग चौदा. असा कवा लांबणारा, कवा आखडणारा हिशेब चंद्राचाच राहते. तिन्ही वेळा द्वादशीची सकाळ होती. म्हणजे घास एकादशीले पडला. ज्या दिवशी ह्या घरात कणीक भिजत नाही, त्या दिवशी परात ओली. दिवेलागणीले अंजना कीर्तनात, तू दुकानात, तारा बसमधे. घरात एकच माणूस. भिंतीचा आधार घेत टाकीपर्यंत दहा पावलं."

"माय," चंपतराव म्हणाले.

"तलावात एकशे आठ गोळ्या म्हणजे काहीच नाही. काचेच्या टाकीत एकशे आठ म्हणजे लग्नाची पंगत. माशाले पुरे म्हणता येत नाही. थो खाते जमन तेवढं, बाकीचं तळाशी कुजते, रातभरात पाण्यातला श्वास संपते. तिनं खाली पडलेलं पाह्यलं असतं तं हात आवरला असता. पण पाहीन कशानं? अन् चूक म्हणशीन, तं तिची एकटीची नाही. पहिले सात मेले तवा तुम्ही तिले सांगितलं असतं, तं दुसऱ्या एकादशीले एक गोळी पडली नसती. तुम्ही तिचे डोळे जपले, अन् तिले आंधळी ठेवली."

 मग चंपतरावांनी कोट काढला, घडी घालून खुर्चीवर ठेवला.

"ठाण्यात नाही जात. झालं ते झालं. तारा, तू उद्यापासून येत जा. पण हे ह्या खोलीतच राहू द्या. एकादशीले मायच्या हातानं मासे मेले, हे गल्लीत नको."

 पाच वाजले होते. ठाणं टळलं होतं. आणि तरी तारा तिथेच होती, जिथे सकाळी होती.

"मंग गोळीबार चौकात मी कोण, भाऊ?" तिने विचारलं. "तुम्ही महे बाबूजी उभे असताना बोलले. त्याईनं पंधरा दिवस वर मान करून कोणाशी बोललं नाही. इथी मी निर्दोष, अन् तिथी?"

चंपतरावांनी नजर चुकवली. "थे विसरतात लोकं. चार दिवस..."

दार करकरलं. जनाबाई चौकटीला धरून उभी होती. अनवाणी, झापड किंचित सरकलेली.

"किती मेले?"

चंपतराव ताराकडे पाहू लागले.

"तारा, तू सांग. तुह्या आवाजात मघापासून खोट हाये. किती?"

"सदतीस, आजी."

चंपतराव पुढे झाले. "माय, रडू नको, हात जोडतो, डोळ्याले..."

"डोळा महा हाये. त्यातून काय येईन न येईन, मी पाहीन." म्हातारीचे ओठ थरथरले. सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले, श्वास धरून. तिने पदराचं टोक मुठीत गच्च धरलं, चौकटीवर डोकं टेकवलं, आणि ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली. डोकं वर केलं तेव्हा चेहरा वाळलेल्या मातीसारखा कोरडा होता.

"सदतीस जीव मह्या हातानं गेले. थे मी अन् महा देव पाहून घेऊ. पण ह्या पोरीले अडतिसावी नाही होऊ देणार. रिक्षा बोलाव."

"डाक्टर नाही म्हणते!"

"डोळे बांधून बसीन. तोंड उघडं हाये ना."

६

गोळीबार चौकातल्या गल्लीत दिवे लागत होते. रिक्षा थांबली तशी माणसं ओट्यांवर आली. डोळे बांधलेली म्हातारी, तिच्या एका बाजूला तारा, दुसऱ्या बाजूला तो स्कूटरवाला. गल्लीने त्याला ओळखलं. ताराचे बाबूजी दारात आले, कमरेला सुताची गुंडी खोचलेली, मान खाली.

चंपतरावांनी घसा साफ केला. "नमस्कार. थे... माशाईचं जरा... गैरसमज झाला होता."

"मोठ्यानं बोल गा," जनाबाई म्हणाली. "आरोप केला तवा सगळ्या चौकाले ऐकू गेला होता म्हणे."

कुणीतरी ओट्यावर हसलं, आणि पटकन गप्प झालं. चंपतरावांचं कपाळ थंडीतही ओलं झालं होतं. त्यांनी आईकडे पाहिलं, मग ताराकडे, मग पहिल्यांदाच सरळ तिच्या बाबूजींकडे.

"ताराची काही चूक नव्हती!" आता तो नरखेडच्या शेतातला आवाज निघाला. "मासे आमच्या घरच्या चुकीनं मेले. मी न पाहता तिचं नाव घेतलं. ह्याच दारात घेतलं. तिचा हात चांगला हाये. तिच्या हातानं जगले होते ते मासे."

"मह्या हातानं मेले," जनाबाईने जोडलं. "प्रेमानं जास्त चारलं. असं सांग."

"माय..."

"सांग म्हणते ना."

चंपतरावांनी सांगितलं.   ताराच्या बाबूजींनी हळूहळू मान वर केली, शेजाऱ्यांच्या ओट्यांवरून नजर फिरवली, एकेका चेहऱ्यावर थांबत, आणि मग आत वळून म्हणाले, "पाहुणे आलेत. पाणी आणा."

तारा रिक्षाशी उभी होती. जनाबाईने चाचपडत तिचा हात शोधला.

"मह्यावर राग असन वं."

"राग हाये. पण तुमच्यावर नाही," तारा म्हणाली, आणि चंपतरावांना ते ऐकू गेलं तरी तिने आवाज कमी केला नाही.

"आता मह्या नेमाचं काय करू? बारा वर्षांचा हाये."

ताराने तिचा हात धरून ठेवला. "नेम नका मोडू, आजी. एकादशीले टाकीपाशी बसून नाव घ्या. पण घास नाही. पंधरा दिवसांतून एक दिवस मासा उपाशी राहिला तं त्याचं पोट हलकं राहते, पाणीबी स्वच्छ राहते. तुमची एकादशी, त्याईचीबी एकादशी."

 म्हातारीने मान हलवली, एकदा, दोनदा, एखादं कठीण गणित उमगावं तशी.

"अन् भाऊ," तारा चंपतरावांकडे वळली. उरलेल्या माशांची काळजी आता पुन्हा तिच्या अंगावर चढली होती. अर्धं पाणी दुपारी बदललं होतं, उरलेलं बदलायचं होतं, तळ धुवायचा होता, वाचलेले मासे कल्ले हलवत कितपत तग धरतील ते सकाळीच कळणार होतं. "उद्या सहाच्या बसनं येते. मी येईस्तोवर त्याईले काही घालू नका. चिमूटभरबी नाही. मागतीन, तरी नाही."

"हाव," चंपतराव म्हणाले, आणि रिक्षातून खाली उतरून त्यांनी तिच्या बाबूजींनी पुढे केलेला पाण्याचा गडू दोन्ही हातांनी घेतला.